डावीकडचा पट्टा

हे खरं घडलेलं आहे. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी कुणापुढे शपथा घेत बसणार नाही.

ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा सख्खा धाकटा भाऊ, क्रेग. पोलिसात आहे. बिनटॅक्सच्या, बिनविम्याच्या गाड्या रस्त्यावर अडवायच्या, हेच त्याचं काम. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

नव्हता, म्हणतेय मी.

आणि भुतं रात्री बारालाच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी सांगते. ही गोष्ट भर दुपारची आहे. अडीच वाजले होते. नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार. इंग्लंडात, स्पाल्डिंगहून आमच्या इथल्या बॉस्टनकडे जाताना हमरस्त्याच्या कडेला ट्रक थांबायची मोकळी जागा आहे, तिथे माझी चहाची गाडी असते. चहा, बेकन घातलेला पाव, थंडीत सूप. पोलिसांनाही तपासणीला तीच जागा आवडते. रस्ता नाकासमोर सरळ, दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेले खोल चर. एकदा कॅमेऱ्यात नंबर आला की गाडीवाला पळणार कुठे?

त्या दिवशी धुकं होतं. आमच्याकडचं धुकं म्हणजे काय विचारू नका. माझ्या गाडीतून पोलिसांची व्हॅन दिसत नव्हती, आणि ती वीस पावलांवर होती.

कॅमेरा व्हॅनवर. येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर तो वाचतो, आणि काही खोट असली की आत घंटी वाजते. सकाळपासून ती एकदाही वाजली नव्हती. जप्त गाड्या न्यायला आलेला बर्नी त्याचा रिकामा ट्रक लावून माझ्याकडे तिसरा चहा पीत होता. क्रेग वैतागला होता. मोठ्या साहेबांनी सकाळीच ऐकवलं होतं, आज हात हलवत येऊ नका.

अडीचला घंटी वाजली.

टॅक्स नाही. विमा नाही. आणि खाली तिसरी ओळ... गाडीचा मालक मयत.

क्रेग जॅकेट सावरत रस्त्यावर गेला आणि हात वर केला. धुक्यातून दोन मंद दिवे आले. गाडी हळू होती, पण थांबेना. क्रेग म्हणतो, काचेमागे चष्मेवाली एक म्हातारी दिसली, तिची नजर त्याच्यावर नव्हतीच. आता ही मला उडवणार, असं त्याला वाटलं.

आणि मग गाडी गचकन थांबली. त्याच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर.

"अगं बाई," म्हातारी काच खाली करून म्हणाली, "मला तर तू दिसलाच नाहीस बाळा! विल्फनी टकटक केलं म्हणून ब्रेक दाबला."

तिच्याशिवाय गाडीत कुणी नव्हतं.

डावीकडची सीट रिकामी. पण तिच्यावरून पट्टा ओढून नीट लावलेला होता.

तिचं नाव एनिड लेगेट. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. डोक्याला लोकरी टोपी, बदामी रंगाची छोटीशी गाडी, आत पेपरमिंटचा घमघमाट. नवरा विल्फ दीड महिन्यापूर्वी गेला होता. दर गुरुवारी दोघं बॉस्टनच्या वृद्धाश्रमात तिच्या बहिणीला, मॅविसला, भेटायला जायची. ती आजही निघाली होती.

"मिसेस लेगेट, गाडीचा टॅक्स भरलेला नाही," क्रेग म्हणाला.

"असं कसं होईल? दर महिन्याला बँकेतून जातो की."

"विमाही नाही."

"अरे, विल्फचा विमा आहे! त्यात माझं नाव आहे. दोघांचं आहे."

आता यात त्या बिचारीची चूक काय होती, ते सांगते. आमच्याकडे माणूस गेला की एक फोन करायचा असतो. त्या एका फोनने सगळ्या सरकारी खात्यांना कळतं. पेन्शन बंद, पासपोर्ट रद्द, सगळं एका झटक्यात. सोय चांगली आहे. पण त्याच फोनने गाडीचा टॅक्सही रद्द होतो. आणि विमा काढलेला नवऱ्याच्या नावाने. बायकोचं नाव त्यात असलं तरी नवऱ्याबरोबर विमाही मेला. हे कुणी कुणाला सांगत नाही. रडत असताना बारीक अक्षरातलं कोण वाचतं?

म्हणजे तिने नवऱ्याची नोंद इमानाने केली, आणि त्याच दिवशी तिची गाडी चोर ठरली.

क्रेगला हे कळलं नव्हतं असं नाही. चांगलं कळलं होतं. म्हणून तर मला आजही राग येतो.

मी म्हातारीला खाली उतरवून माझ्या गाडीपाशी आणलं. हात बर्फासारखे झाले होते तिचे. "आजी, चहा घ्या."

"दोन दे गं," ती म्हणाली. "एक बिनसाखरेचा."

मी दिले. वाद कशाला घालायचा? बिनसाखरेचा कप घेऊन ती हळूहळू आपल्या गाडीपर्यंत गेली, डावीकडच्या काचेतून वाकली आणि कप समोरच्या डॅशबोर्डच्या फळीवर ठेवून आली.

मी क्रेगला बाजूला ओढलं. "अरे, अर्धा तास दे तिला. माझ्या फोनवरून नवीन विमा काढू. तुझ्या काय बापाचं जातं?"

"ट्रेसी, तू चहा कर. माझं काम मला करू दे."

"ती काय दरोडेखोर आहे?"

"सगळेच तसं म्हणतात. नियम तो नियम."

मग एनिड त्याच्याजवळ आली आणि एवढंच म्हणाली, "बाळा, मला गाडी घरापर्यंत तरी नेऊ दे. दोन मैल तर आहेत फक्त. मी एकटी कधी गाडी चालवलेली नाही रे. साठाव्या वर्षी शिकले, ह्यांनीच शिकवलं. चाळीस वर्षं लोकांना गाडी शिकवत होते ते. ते शेजारी असले तरच माझे हात चालतात. गाडी गेली तर... ते कुठे बसतील?"

क्रेगने नकारार्थी मान हलवली आणि वहीतला कागद फाडून तिच्या हातात दिला. चौदा दिवसांची मुदत. गाडी आपल्या नावावर करा, विमा काढा, सोडवून न्या. नाहीतर पंधराव्या दिवशी गाडी चिरडली जाते.

बर्नीने गाडी ट्रकवर चढवली. एनिड त्या गाडीकडे बघून हात हलवत होती. मला वाटलं, गाडीचा निरोप घेतेय.

यापुढचं मला क्रेगने सांगितलं. एकदाच. पुन्हा विचारलं तर उठून जातो.

तो एनिडला पोलिसांच्या गाडीतून घरी सोडायला निघाला. ती मागे बसली होती. मैलभर गेले असतील, तोच बर्नीचा फोन आला. क्रेगने गाडीतल्या स्पीकरवर घेतला.

"काय रे क्रेग, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"काय झालं?"

"वर चढवलेल्या गाडीत माणूस बसवून नेता येत नाही, माहीत नाही तुला? माझी नोकरी घालवशील."

"कुठला माणूस?"

"कुठला काय! तो म्हातारा. आरशात दिसतोय की मला. पुढच्या सीटवर, डावीकडे. मजेत चहा पितोय."

क्रेगने वेग कमी केला.

मागून एनिडचा आवाज आला. अगदी शांत. "त्याला म्हणावं जरा सावकाश चालव. ह्यांना वळणावर मळमळतं."

"बर्नी," क्रेग म्हणाला, "थांब. उतर आणि जाऊन बघ."

दार उघडल्याचा आवाज. बुटांचा आवाज. मग काहीच नाही.

काहीच नाही...

मग बर्नी परत फोनवर आला. "कुणी नाहीये क्रेग. पट्टा लावलेला आहे. कप आहे." थोडं थांबून म्हणाला, "कप रिकामा आहे. आणि अजून कोमट आहे."

क्रेगने स्वतःची समजूत घातली. धुकं, आरसा, थकवा. चहा हेलकाव्याने सांडला असेल. पोलीस आहे तो, कारणं शोधायची सवयच असते.

दोन दिवसांनी एनिडचा त्याला फोन आला. तिचा वाचायचा चष्मा गाडीत राहिला होता. तो न्यायला क्रेग जप्त गाड्यांच्या आवारात गेला. शनिवारची सकाळ, लख्ख ऊन. आवाराचा मॅनेजर आडदांड गडी, दोन्ही हातांवर गोंदलेलं. पण चावी देताना तो क्रेगच्या डोळ्यांत बघेना.

"तुझी ती बदामी गाडी... कधी नेणार?"

"का?"

"वाजते."

"काय वाजतं?"

"जाऊन ऐक."

गाडी अगदी टोकाला, कुंपणापाशी उभी होती. आजूबाजूच्या गाड्या त्यांनी लांब हलवल्या होत्या. क्रेग जवळ गेला, तेव्हा सगळं शांत होतं. दार उघडलं. पेपरमिंटचा वास आला. चष्मा डावीकडच्या कप्प्यात होता. तिकडे हात पोचेना, मध्ये तो पट्टा ताणलेला. त्याने खटका दाबून पट्टा सोडला.

टिंग.

टिंग. टिंग. टिंग.

तुम्हाला माहीतच असेल. सीटवर वजन पडलं आणि पट्टा लावलेला नसला की गाडी टिंगटिंग करते. जड पिशवी ठेवली तरी करते.

पण सीटवर पिशवी नव्हती. काहीच नव्हतं.

क्रेगने सीटवर हात फिरवून बघितला. मधला भाग खाली दबलेला होता. आणि उबदार होता.

त्याने झटक्यात हात मागे घेतला. मग त्याचं लक्ष खाली गेलं. गाडीची बॅटरी काढून बाहेर जमिनीवर ठेवलेली होती. तारा लोंबत होत्या.

टिंग. टिंग. टिंग.

बॅटरी नसलेली गाडी.

त्याने पट्टा ओढला आणि खटक्यात अडकवला. आवाज बंद झाला. आणि त्या शांततेत समोरच्या फळीवर कुणीतरी दोन बोटांनी वाजवलं...

टक टक.

माझा भाऊ सहा फूट उंच आहे. एकदा चाकूवाल्याच्या अंगावर धावून गेला होता. त्या दिवशी तो चष्मा घेऊन सुसाट पळत सुटला, हे त्याने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

चष्मा देताना एनिडने फक्त विचारलं, "बरे आहेत ना? रात्री गारठा असतो रे तिथे."

तिथे त्याचं काळीज हललं असावं. भीती होतीच, पण लाजही होती. त्या दिवसापासून माझा भाऊ तिच्या कागदांमागे हात धुऊन लागला. लॉगबुक, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं पुस्तक, तिच्या नावावर करायचा अर्ज, मृत्यूचा दाखला, नवीन टॅक्स. विमा कंपन्या तर दारात उभंही करेनात, जप्त झालेली गाडी म्हटलं की फोन ठेवायच्या. नवव्या नाहीतर दहाव्या कंपनीने हो म्हटलं. ड्युटी संपली की तो तिच्या स्वयंपाकघरात कागद पसरून बसायचा. ती त्याला खिम्यावर बटाट्याचा थर दिलेला शेफर्ड्स पाय करून घालायची. टेबलावर तीन ताटं असायची. तिसऱ्याबद्दल त्याने कधी विचारलं नाही.

"आणतोस ना त्यांना?" ती रोज विचारायची.

"आणतो," तो म्हणायचा.

तेराव्या दिवशी शेवटचा कागद आला. चौदाव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, त्याने रजा टाकली आणि स्वतःच्या गाडीतून एनिडला घेऊन निघाला. ती पुढे बसली होती, त्याच्या शेजारी. नवी टोपी, ओठांना लाली. मांडीवर कागदांची पिशवी, आणि खिशात विल्फसाठी पेपरमिंटची पुडी.

मॅनेजर त्यांना फाटकातच भेटला.

त्याचा चेहरा बघूनच क्रेगला कळलं.

"चौदा दिवस आज संध्याकाळी भरतात!" क्रेग ओरडला. "आज संध्याकाळी!"

"माहितेय मला. काल दिली मशीनला. चूक झाली म्हण, काय हवं ते म्हण. माझी दोन माणसं काम सोडून गेली. तिसरा आवाराच्या त्या बाजूला जायला तयार नाही. दिवसरात्र वाजत होती ती. पट्टा लावलेला असूनही वाजायला लागली होती."

एनिड गाडीतून उतरून त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "आणि ते?" तिने विचारलं. "ते आत होते."

त्या आडदांड माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाई, मला वेडा म्हणा. मशीनला द्यायच्या आधी मी स्वतः दार उघडलं. पट्टा सोडला. म्हटलं, उतरा साहेब, आता इथे थांबू नका. पाचेक मिनिटं दार धरून उभा होतो."

"मग?"

"मग वाजायचं थांबलं."

एनिडने आवारावरून नजर फिरवली. चिरडलेल्या गाड्यांचे चौकोनी ठोकळे एकावर एक रचले होते. त्यातला एक बदामी होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती. गर्दीत हरवलेल्या माणसाला शोधावं तशी ती मोकळ्या जागेत बघत होती.

"मग कुठे गेले?" ती पुटपुटली. "त्यांना घरचा रस्ता माहीत आहे, पण गुडघे साथ देत नाहीत त्यांचे. एवढं कसं चालतील?"

क्रेग म्हणतो, आयुष्यात इतकं वाईट त्याला कधी वाटलं नव्हतं. तो तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला हळूहळू गाडीकडे घेऊन आला. पुढचं दार उघडून धरलं.

एनिड थबकली.

सीटकडे बघितलं. आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"अगंबाई," ती म्हणाली, आणि मागचं दार उघडून मागे जाऊन बसली.

"मिसेस लेगेट, पुढे बसा ना."

"पुढे कशी बसू रे बाळा? जागा आहे का?"

क्रेग आपल्या सीटवर बसला. दार लावलं. चावी फिरवली.

टिंग.

टिंग. टिंग. टिंग.

हा त्याच्या स्वतःच्या गाडीचा आवाज होता. समोर लाल दिवा लुकलुकत होता. डावीकडची सीट. पट्टा लावलेला नाही.

मागे एनिड आनंदाने हात चोळत होती. आवाज चालूच. मॅनेजर फाटकात उभा राहून बघत होता, त्याने हळूच डोक्यावरची टोपी काढली. शेवटी क्रेग डावीकडे वाकला, त्याने रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून घेतला आणि खटक्यात अडकवला. ओढताना पट्टा सपाट आला नाही. पोटाच्या उंचीला फुगीर राहिला.

आवाज बंद झाला. गाडीत पेपरमिंटचा वास होता.

परत येताना पुन्हा धुकं उतरलं. क्रेगचं मन थाऱ्यावर नव्हतं. रस्ता सरळ म्हणून त्याने वेग वाढवला. त्याला फक्त हे सगळं संपवायचं होतं.

टक टक.

फळीवर. अगदी त्याच्या कानाशी.

विचार करायच्या आत त्याचा पाय ब्रेकवर गेला. गाडी घसरत थांबली. पुढच्याच क्षणी धुक्यातून बीट भरलेली एक ट्रॉली, दिवे नाहीत, काही नाही, त्याच्या नाकासमोरून रस्ता ओलांडून गेली. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताही नव्हता.

क्रेगने हँडब्रेक ओढला.

"बघितलंस?" एनिड मागून म्हणाली. "त्यांचं पहिल्यापासून असंच. तोंडाने ओरडत नाहीत. फळी वाजली की थांबायचं."

तिच्या घरापाशी पोचले. ती उतरली, पुढे येऊन डावीकडचं दार उघडलं, आणि वाकून पट्टा सोडला.

"चला. आलं घर."

ती थांबली. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्याला उतरायला जेवढा वेळ लागेल तेवढी थांबली.

मग आणखी थांबली.

"अहो, उतरताय ना? चहा टाकते."

टिंग. टिंग. टिंग.

क्रेग समोर बघत बसला होता, स्टीअरिंग घट्ट धरून. डावीकडे बघायची त्याची छाती झाली नाही. गारठा आत येत होता. एनिड दार धरून उभीच होती. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मग तिने हळूच पट्टा परत लावला. तिचे डोळे भरून आले होते.

"नाही म्हणतात," ती म्हणाली. "पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा माझं ऐकत नाहीत बघ."

"का... का नाही म्हणतात?"

"तुझी शिकवणी राहिलीय म्हणे. दहा धडे ठरले होते, सहाच झाले. मध्येच सोडून गेलास. तेव्हापासून तू समोर बघतोस, पण बाजूला बघत नाहीस, असं म्हणतात."

हे ऐकून क्रेगला सगळं आठवलं. सतराव्या वाढदिवसाला मीच त्याला गाडी शिकायचे दहा धडे भेट दिले होते. म्हातारा मास्तर फार बोलतो म्हणून सहा धड्यांनंतर त्याने मला न सांगता सोडून दिलं आणि दुसरीकडे शिकला. मास्तरचं आडनावही त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. सहा धड्यांचं त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. मलासुद्धा ते या प्रकरणानंतर कळलं.

एनिडने दार लोटलं आणि काचेवर तळहात टेकवला. "गाडी तुम्ही घेतलीत, ते एक वेळ चालेल," ती म्हणाली. "पण गुरुवारी ह्यांना घेऊन येशील ना बाळा? मॅविसकडे जायचं असतं. मी मागे बसेन. काही त्रास नाही देणार."

"येईन," क्रेग म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

आणि तो गेला. दर गुरुवारी. पाऊस असो, बर्फ असो. ती मागे बसायची, पुढच्या रिकाम्या सीटशी गप्पा मारायची, कधी भांडायची, कधी खुदकन हसायची. क्रेग गाडी चालवायचा. त्याची बायको चिडली, साहेबांनी दर आठवड्याच्या रजेवरून झापलं. तो जातच राहिला. एकदा माझ्याकडे चहाला थांबला तर म्हणाला, "ट्रेसी, मी बाईची गाडी घेतली, आणि नवराही घेतला गं."

तेव्हापासून तपासणीत म्हातारं माणूस सापडलं की तो आधी माझ्याकडे आणून बसवतो आणि स्वतः फोन लावून देतो. साहेब काय म्हणायचं ते म्हणोत.

फेब्रुवारीत एका बुधवारी एनिड झोपेतच गेली. गुरुवारी क्रेग नेहमीसारखा दारात जाऊन उभा राहिला, तेव्हा शेजारणीने सांगितलं. तो थोडा वेळ तिच्या पायरीवर बसला. रडला असेल. मग गाडीत येऊन बसला. डावीकडचा पट्टा लावला. चावी फिरवली.

पुढचा दिवा विझलेलाच राहिला.

पण त्याच्या बाजूला दुसरा लागला... मागची सीट.

त्या दिवशी तो उतरला, मागचं दार उघडलं, आणि तिथलाही पट्टा लावला. मग बॉस्टनला जाऊन मॅविसला भेटून आला. अजूनही जातो.

मी त्याला म्हटलं, वेड्या, गाडी विकून टाक. तो म्हणाला, "अजून दोन धडे बाकी आहेत." कोण मोजतं, कसं मोजतं, मला माहीत नाही. ते संपल्यावर काय होणार, हे विचारायची माझी हिंमत नाही.

परवा माझी चहाची गाडी बंद पडली. त्याच रस्त्यावर, भर पावसात, दुपारची वेळ. क्रेग मागून आला, थांबला, काच खाली केली. आतून पेपरमिंटचा वास आला. पुढे पट्टा लावलेला. मागे एक पट्टा लावलेला.

मागे एक जागा रिकामी होती.

"बस की, ट्रेसी," तो म्हणाला. "भिजतेयस."

मी त्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

"नको रे," मी म्हटलं. "जाते चालत. दोन मैल तर आहेत फक्त."

त्याने फार आग्रह केला नाही. मान डावीकडे वळवून हळूच काहीतरी बोलला, माझ्याशी नाही, आणि काच वर केली.